बिब्ब्याची जागा

मनकर्णाबाईंबद्दल लिहावं की लिहू नये, यातच बरेच दिवस गेले. मी शिंपी माणूस. आयुष्यभर कापड कापलं, लिहिलं काही नाही. त्यातून बाईमाणसाच्या शरीराबद्दल लिहायचं म्हणजे हात अडखळतो. पण त्या स्वतःच माझ्या बायकोला, पुष्पाला, सांगून गेल्या होत्या, "वहिनी, कोन्या बाईले गरज पडली तं माझं नाव घेऊन सांगजा. लपवू नका." पुष्पा आता नाही. तिच्याकडचं सांगायचं काम माझ्याकडे आलं. जमेल तसं लिहितो.

चिखलीत बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं आणि त्याला लागूनच घर. त्या काळी बायका शिंप्याला माप देत नसत. जुनं पोलकं द्यायचं, त्यावरून शिंप्याने नवं शिवायचं. मनकर्णाबाईंचं मापाचं पोलकं पहिल्यांदा माझ्याकडे आलं ते पुष्पाच्या हातून, कागदात गुंडाळून. त्या आमच्याच गल्लीत भाड्याने राहायला आल्या होत्या. मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या.

पुष्पा म्हणाली, "हाय तसंच शिवा. इचारू नका."

मी पोलकं उलटं केलं. उजवी बाजू नेहमीसारखी. डाव्या बाजूला आतून दुहेरी अस्तर आणि त्यात पिंजलेला कापूस भरून हातानं टीप घातलेली. धुऊन धुऊन कापसाचे गोळे झाले होते आणि सगळा कापूस खाली उतरला होता. घामानं अस्तर पिवळं पडलं होतं. मी काही विचारलं नाही. नवीन पोलक्यात मी कापसाची वेगळी छोटी खोळ केली आणि तिला बटणं लावली, म्हणजे धुताना काढून ठेवता येईल. चार दिवसांनी पुष्पानं निरोप आणला, "बाई म्हनत होत्या, बरं झालं." पुढे कितीतरी वर्षं मी त्यांची पोलकी तशीच शिवत राहिलो. त्या समोर आल्या की आम्ही दोघंही दुसरीकडे बघायचो.

उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. पण चालताना वह्यांचा गठ्ठा कायम छातीशी धरलेला. लग्नघरी मुक्कामाला राहायच्या नाहीत. हळदीच्या वेळी सगळ्या बायका नवरीबरोबर न्हाणीघरात शिरायच्या, तेव्हा या चुलीपाशी भाकरी थापत बसायच्या. शाळेची सहल दरवर्षी लोणारला जायची. तिथल्या झऱ्याच्या धारेखाली मुली आणि बाया आंघोळ करायच्या. मनकर्णाबाई काठावर सगळ्यांच्या चपला आणि कपडे राखत बसायच्या.

"बाई, तुम्ही नाई?"

"मले सर्दी हाय."

त्यांच्याच शाळेतल्या आशाबाई मोठ्या फटकळ. त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या, "मनकर्णाबाईची सर्दी वर्षभर कुठं असते कोन जाने, लोनारले मात्र बरोबर येते!" सगळ्या हसायच्या. मनकर्णाबाईही हसायच्या.

त्या मूळच्या देऊळघाटच्या. वडील पुंजाजी, घरची थोडी शेती. आई लवकर गेली. पुंजाजींची बहीण भिमाबाई लहान वयातच विधवा होऊन माहेरी परतली होती, तिनेच या पोरीला वाढवलं. पोर वयात आली तेव्हा उजवी छाती भरली, डावी मुळीच भरली नाही. तिथे रुपयाएवढी चकचकीत, आवळलेली कातडी तेवढी होती. भिमाबाई म्हणायची, "जन्माची खून हाय ते. देवानं दिलं ते आपलं." पोरीनं ते मानलं. दुसरं काय करणार?

सोळाव्या वर्षी मेहकरकडच्या इंद्रभान नावाच्या मुलाशी लग्न झालं. आठवडा झाला असेल नसेल, दीर तिला बैलगाडीतून आणून अंगणात सोडून गेला. भांडण नाही, मारहाण नाही. फक्त एवढंच म्हणाला, "बाईत खोट हाय. आमाले सांगतलं नाई." पुंजाजी त्या धक्क्यातून सावरले नाहीत. पण त्यांनी एक काम केलं, पोरीला पुन्हा शाळेत घातलं. शिकून ती मास्तरीण झाली. पुंजाजी गेले आणि आत्या-भाची दोघीच उरल्या.

भिमाबाई मोठी गमतीची बाई होती. बारकी, वाकलेली, तोंडाचा पट्टा चालू. माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. "काय रे निवृत्ती, माझी चोळी शिवून राह्यला का बाहुलीची? हात तं घाल म्हना याच्यात!" मी म्हणायचो, "आत्याबाई, तुम्हीच बाहुलीएवढ्या झाल्या, त्याले मी काय करू?" मग ती खूश व्हायची. पण मनकर्णाबाईंच्या पोलक्याचा विषय निघाला की ती उठून जायची. मला वाटायचं, लाजते.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात बुलढाण्याला मुंबईच्या डॉक्टरांचं शिबिर झालं. फाटलेले ओठ शिवायचे, भाजून आखडलेली बोटं मोकळी करायची, अशी ऑपरेशनं फुकट करत होते. मनकर्णाबाई आपल्या वर्गातल्या एका मुलीला घेऊन तिथे गेल्या. मुलीचा ओठ जन्मापासून दुभंगलेला होता. ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्या मुलीनं आरसा मागितला आणि बघतच राहिली. तेव्हा मनकर्णाबाईंनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं. एवढं विचारायला त्यांना आयुष्याची छत्तीस वर्षं लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होऊ शकतं. पण इथे नाही. मुंबईला या, नीट तपासते. आणि आल्या म्हणजे करूनच घेतलं पाहिजे असं नाही."

त्या दिवसापासून मनकर्णाबाईंचा जीव त्यातच अडकला. आमच्या घरी येऊन पुष्पाशी बोलायच्या. मी पडद्यापलीकडे मशीनवर. मशीन थांबवलं तर त्या बोलायच्या थांबतील म्हणून मी पाय चालूच ठेवायचो.

"दुसरं लग्न करायचं हाय का?" पुष्पानं विचारलं.

"नाई व वहिनी. कोनाले दाखवायचं नाई मले. मले फक्त इसरायचं हाय. सकाळी उठलं की पह्यला हात तिथं जाते. रस्त्यानं चालताना ध्यान तिथं. पोरीईले शिकवताना ध्यान तिथं. एक दिवस तरी इसरून पाहाचं हाय."

भिमाबाईचा मात्र कडक विरोध. "आता काऊन चिरफाड? एवढं वय गेलं! त्या मुंबईच्या डॉक्टराईले काय, कापाले मानूस पाह्यजे. मी नाई येत."

"तू नको येऊ. सहीले नातेवाईक लागते, मंग मी कोनाले नेऊ?"

भिमाबाई यायला कबूल झाली. रक्ताचं दुसरं कोणी नव्हतंच.

मेच्या सुट्टीत आम्ही चौघं मुंबईला गेलो. दोन बाया एकट्या कशा जाणार म्हणून पुष्पा, आणि पुष्पा निघाली म्हणून मी. शाळेत सांगितलं, गाठ काढायची आहे. मलकापूरहून गाडी पकडली. भिमाबाई आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसली होती, पण एरवी एवढं बोलणारी बाई वाटेत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, गाडीला भ्याली.

दवाखाना सरकारी, मोठा. मी तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. दाराला हिरवा पडदा होता, त्यामुळे आतलं बरंचसं ऐकू येत होतं. राहिलेलं नंतर पुष्पानं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं ते असं, "मनकर्णाबाई, हे झाल्यावर काय होईल असं तुम्हाला वाटतं?"

"दुसऱ्या बाजूसारखं होईल."

"होणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते आधी ऐका. एक पिशवी असते, रबरासारखी, आत घट्ट पाकासारखा पदार्थ. परदेशातून मागवावी लागते. ती कातडीखाली बसवतात. पोलक्यावरून दोन्ही बाजू सारख्या दिसतील. पोलकं काढल्यावर दिसणार नाहीत. टाक्यांचा व्रण राहणार. वय होईल तशी उजवी बाजू उतरेल, डावी आहे तिथेच राहील."

डॉक्टरीणबाई पुढे सांगू लागल्या.

"पिशवीभोवती शरीर आपलं आवरण धरतं. कोणाच्यात ते मऊ राहतं, कोणाच्यात आवळून कडक होतं, दुखतं. तुमच्यात काय होईल, मला आज सांगता येत नाही. पू झाला तर पिशवी काढावी लागते, मग कित्येक महिने काही करता येत नाही. पिशवी फुटू शकते, बदलावी लागू शकते. एकदा बसवली म्हणजे जन्माची सोय झाली असं समजू नका. ही गोष्टच नवीन आहे, दहा-बारा वर्षांची. वीस वर्षांनी काय होतं ते अजून आम्हालाही माहीत नाही."

"आनखी?"

"तिथे स्पर्श कळेल याची खात्री नाही. थंडीत ती जागा गार पडते, कारण पिशवीत रक्त खेळत नाही. आणि पुढे कधी गाठ हाताला लागली, तर पिशवीच असेल म्हणून घरी बसायचं नाही, दाखवायला यायचं. उजव्या बाजूलासुद्धा."

मग त्यांनी आवाज थोडा चढवला. "आणि इथे शहरात काही लोक सुईनं पातळ औषध भरून देतात. चीर नाही, टाका नाही, तासाभरात घरी. तिकडे चुकूनही जायचं नाही. ते औषध अंगात पसरतं आणि परत काढता येत नाही. अशा बायका मी पाहिल्या आहेत."

पुष्पा मधेच म्हणाली, "मंग डॉक्टरीनबाई, न केलेलंच बरं नाई का?"

"न करणं हाही इलाज आहे. या आजारी नाहीत. आत्ता उठून घरी गेल्या तरी त्यांचं काही बिघडणार नाही."

त्यानंतर तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी भिमाबाईला विचारलं, "हे जन्मापासून आहे?"

"जन्मापासून," भिमाबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मनकर्णाबाईंना दोन्ही हात कमरेवर ठेवून दाबायला सांगितलं. परत एकदा दाबायला सांगितलं. मग म्हणाल्या, "जन्मतः एक बाजू नसते त्यांच्यात बहुतेक वेळा आतला स्नायूही नसतो. यांचा स्नायू शाबूत आहे. आणि ही कातडी मला भाजलेली दिसते. आत्याबाई, लहानपणी इथे काही लावलं होतं का? डाग दिला, चटका बसला, काही?"

"नाई."

"नीट आठवा. हे मी उगाच विचारत नाही. कातडी जन्माची असेल तर तिच्याखाली पिशवी बसेल. भाजलेली असेल तर ती ताणणार नाही. पिशवीच्या भारानं उलेल आणि पिशवी बाहेर येईल. मला चुकीचं कळलं तर त्रास या पोरीला होईल."

मी बाकावर बसून माझ्या पायांकडे बघत होतो. मग भिमाबाईचा आवाज आला, एवढा बारीक की ती तीच बाई आहे असं वाटेना.

"बिब्बा लावल्ता."

तीच पुढे बोलत गेली.

"पाचवीच्या दिवशी. पोरीची छाती सुजल्ती, दोन्हीकून. डाव्या अंगाले जास्त. दाबलं की दुधाचे थेंब निंघत. शेजारच्या बाया म्हनाल्या, हे दूध राह्यलं तं पोरगी सुकते, काहाडा लागते. आमच्याकडे सुजेले बिब्बा लावतेतच. म्या सुईनं टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं, ते डाव्या अंगाले लावलं. सूज उतरेना म्हनून दुसऱ्या दिवशी आनखी लावलं. मंग बिब्बा उतला, कातडी सोलून निंघाली. पोरगी रडू रडू निळी झाली. तिची माय बाळंतीन, तिले म्या सांगतलं, मुंग्या चावल्या."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवीन बाळाच्या छातीला अशी सूज येते, आत्याबाई. मुलाला येते, मुलीला येते. आईच्या रक्तातून आलेलं असतं. काही करायचं नसतं. दाबायचं नाही, लावायचं नाही. आपोआप जाते."

"आपोआप?"

"हो."

"काही न लावता?"

"काही न लावता."

"आपोआप जाते म्हंता," भिमाबाई परत म्हणाली. ते ती कोणाला विचारत होती कोण जाणे.

पुष्पा सांगायची, मनकर्णाबाईंनी तोपर्यंत पोलक्याची बटणं लावून घेतली होती. आत्याकडे त्यांनी पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मंग आता कातडी कुठून घ्यान?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काखेखालची कातडी सरकवून आणावी लागेल. म्हणजे एकाऐवजी दोन ऑपरेशनं. आत्ता कातडीचं, दिवाळीला पिशवीचं. व्रण एकाऐवजी दोन. "आज उत्तर देऊ नका. उद्या या. उद्या नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत उतरलो होतो. संध्याकाळी पुष्पानं बांधून आणलेल्या भाकरी सोडल्या. भिमाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मनकर्णाबाईंनी ताट वाढून तिच्यापुढे सरकवलं.

"मार मले," भिमाबाई म्हणाली. "शिव्या दे. पन काही तरी बोल."

"खाऊन घे. भाकर पह्यलेच वाळून गेली."

"तुह्या बापाले बी सांगतलं नाई म्या. तो बिचारा त्या इंद्रभानच्या दारात डोकं टेकवून आला. म्या तवाही सांगतलं नाई."

मनकर्णाबाईंनी ठेचा वाढला. पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. मी बाहेर चहा बघायला म्हणून उठलो आणि बराच वेळ फिरत राहिलो. परत आलो तेव्हा भिमाबाई पदर तोंडावर घेऊन आडवी झाली होती. ताट तसंच होतं. मनकर्णाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. पुष्पा त्यांना हळू आवाजात समजावत होती.

"आता कायले करता? त्या बाईनं एवढं समदं सांगतलं. कडक होते, फुटते, दोनदा कापा लागते. तुमच्या भाऊचा कापूस काय वाईट हाय?"

मी दारातच थांबलो. मनकर्णाबाईंनी मला पाहिलं, पण या वेळी नजर वळवली नाही.

"कापूस चांगला हाय, भाऊ. तुमी मनानं शिवलं," त्या म्हणाल्या. मग पुष्पाला म्हणाल्या, "आतापर्यंत मी समजत होते, देवानंच मले असं बनवलं. देवासंगं कोन भांडते? आता कळलं, हे मानसाच्या हातचं हाय. मानसाच्या हातचं तं थोडंफार तरी सुधरत असन."

"आत्यावर राग हाय का?"

त्यांनी झोपलेल्या भिमाबाईकडे पाहिलं. ती झोपलेली नव्हती हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"राग कोनावर करू? मले हाय कोन दुसरं?"

दुसऱ्या दिवशी त्या हो म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं पहिल्यापासून परत सांगितलं आणि त्यांच्या तोंडून वदवून घेतलं: सारखं दिसणार नाही, व्रण राहील, कडक होऊ शकतं, काढावं लागू शकतं, स्पर्श कळेलच असं नाही. शाळेतल्या मुलीसारखं मनकर्णाबाईंनी एकेक म्हणून दाखवलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणि तुम्हाला विसरायचंय म्हणता, ते?"

"ते तुमच्या हातात नाई, मले समजते."

भिमाबाईनं कागदावर अंगठा दिला.

कातडीचं ऑपरेशन बरं झालं. आम्ही नवराबायको चिखलीला परतलो, भिमाबाई दवाखान्यातच राहिली. खाटेखाली झोपायची. वॉर्डातल्या बायांना हसवायची, असं नंतर कळलं. भाचीला मात्र हातानं भरवायची आणि तेवढा वेळ एक शब्द बोलायची नाही. दिवाळीत दोघीच जाऊन पिशवी बसवून आल्या. या खेपेला ताप आला. पू होतो की काय म्हणून डॉक्टरीणबाई दिवसातून दोनदा येऊन बघायच्या. पण ताप उतरला.

हिवाळ्यात मनकर्णाबाईंचं पोलकं शिवायला आलं. कापूस नको, असा निरोप होता. दोन्ही बाजू सारख्या कापल्या. कापड हातात घेऊन मी उगाचच थोडा वेळ बसून राहिलो.

जखम पूर्ण भरल्यावर दवाखान्यातून एक काम सांगितलं होतं. आवरण कडक होऊ नये म्हणून रोज खोबरेल तेल लावून ती जागा चारी बाजूंनी दाबायची, पिशवी हलती ठेवायची. काखेकडून दाबायला स्वतःचा हात नीट पोचत नाही, दुसऱ्याचा लागतो. ते काम भिमाबाईनं घेतलं. पुष्पा एकदा दुपारी वाटीभर कढी घेऊन त्यांच्याकडे गेली तर दार नुसतं लोटलेलं होतं. मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसलेल्या, शेजारी तेलाची वाटी. भिमाबाई डोळे बारीक करून दोन अंगठ्यांनी दाबत होती, करंजीच्या कडा दाबतात तशी.

"दुखते का?" भिमाबाईनं विचारलं.

"नाई."

"माहा हात गार तं नाई लागून राह्यला?"

"नाई व आत्या. तिथं काहीच समजत नाई मले."

भिमाबाईचे अंगठे थांबले.

"थांबू नको. रोज करा लागते म्हनून सांगतलं हाय."

पुष्पा बाहेरच उभी राहिली. कढी तशीच परत घेऊन आली.

भिमाबाई त्यानंतर दोन हिवाळे जगली. शेवटी दिसत नव्हतं, तरी दुपारच्या वेळी वाटी चाचपत यायची. ती गेल्यावर घरात मनकर्णाबाई एकट्याच. शाळेतून यायच्या, दिवा लावायच्या, वह्या तपासायच्या. विसरल्या का, असं पुष्पानं त्यांना कधी तरी विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "पोलक्याचं इसरले. त्याच्या आतलं नाई." थंडीत ती जागा आधी गार पडते आणि सगळ्यात शेवटी गरम होते, म्हणून त्या पदराखाली कपड्याची घडी धरून झोपायच्या. पण ऑपरेशन केल्याचा पस्तावा झाला असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. केलं हे बरंच झालं, असंही म्हणाल्या नाहीत. गावात कोणाकडे पाचवी असली की मात्र न बोलावता जायच्या आणि बाळाची छाती सुजलेली असली तर आजीला दटावून यायच्या.

आत्या गेल्यावर वर्षभरानं डावी बाजू आवळायला लागली. त्या मुंबईला दाखवून आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार दुखत नसेल तर राहू द्या, दुखलं तर काढू. दाबणं बंद केल्यामुळेच असं झालं, असं नक्की सांगता येत नाही, हेही त्या म्हणाल्या.

पुष्पाला राहवलं नाही. ती म्हणाली, "बाई, आत्या गेल्या तं मी येत जाईन दुपारचं. मी लावून देईन तेल. त्यात काय लाजायचं?"

मनकर्णाबाईंनी तिचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि सोडला.

"नको वहिनी. मले तसंही तिथं काही समजत नव्हतं. आत्याले बरं वाटे, म्हनून करू देत होते."